हवा आणि थोडं पाणी

१

"भरला होता म्हणतेस ना, मग पाणी गेलं कुठे? रांजणाला पाय फुटले की पाण्याला?"

"आई, काल दिवेलागणीला मी काठोकाठ भरून झाकण ठेवलं. तुम्ही समोरच शेंगा सोलत बसला होतात."

"मी शेंगांकडे बघत होते. तुझ्याकडे बघत बसायला तू काय नवी नवरी आहेस?"

किसेनं ओगराळं रांजणात उतरवलं आणि शेजारच्या तीन घरांना ऐकू जाईल इतक्या जोरात तळाशी खडखडवलं. मग ते बाहेर काढून सुनेच्या नाकासमोर धरलं. त्यात चार घोट पाणी होतं आणि चिमूटभर वाळू.

"हे बघ. हे तुझं काठोकाठ."

भांडणाचा हा आठवा दिवस. पहिल्या दिवशी रांजण वीतभर उतरला होता, मग हातभर, आणि आज तळ दिसत होता. किसेचा मुलगा रेइजी जवाच्या भाताच्या वाडग्यात तोंड खुपसून बसला होता. दोघींच्या मध्ये पडायचं नसलं की तो नेहमीच असा भुकेला व्हायचा.

"रांजण गळत असेल," तो वाडग्यातूनच म्हणाला.

"गळला तर खाली ओल कुठाय?" दोघी एकदम म्हणाल्या, आणि आपलं एकमत झालं याचा दोघींनाही राग आला.

सुनेनं, फुसाएनं, कावड उचलली. तिला सहावा महिना होता. रिकाम्या रांजणाचा तिच्यापुरता अर्थ एवढाच, की गावविहिरीपासून चार खेपा जास्त. त्या झाल्यावर कलिंगडाचे वेल होतेच. जून अर्धा सरला तरी पावसाचा पत्ता नव्हता, आणि वाळूच्या टेकड्यांवरचं शेत म्हणजे फुटकं भांडं, सकाळी पाणी घातलं तरी दुपारी पुन्हा मागतंच. दिवसाला चाळीस खेपा, तापलेल्या वाळूतून, चढावर. त्या किनाऱ्यावरच्या पुरुषांनी या कामाला एक नाव ठेवलं होतं: सूनमारणी. ठेवलं होतं आणि ते घेताना हसायचेही. कावड त्यांच्या खांद्यावर असती तर नाव दुसरं पडलं असतं.

२

फुसाए भित्री नव्हती आणि खुळीही नव्हती. पाणी जातं म्हणजे कोणीतरी नेतं, इतकं तिला कळत होतं. सासूवर संशय घ्यावा तर म्हातारीचे गुडघे मार्चपासून धरलेले. माजघरातून खालच्या मातीच्या स्वयंपाकघरात उतरायची एक पायरी, तीसुद्धा म्हातारी बसून उतरायची आणि उतरताना अख्ख्या घराला शिव्या द्यायची. ती गुपचूप काही करील हे शक्यच नव्हतं.

त्या संध्याकाळी फुसाएनं रांजण भरला, झाकणाला गवताची दोरी बांधली, गाठ नीट बघून ठेवली. चुलीतली राख चाळली आणि रांजणाभोवती मागच्या दारापर्यंत पातळ पसरली.

पहाटे कागदी सरकदारावर उजेडाची पहिली पांढुरकी छटा आली तेव्हा ती जागी होती. पोटातलं पोर लाथा मारत होतं. स्वयंपाकघरातून आवाज आला. टक्. ओगराळं रांजणाच्या काठाला लागावं तसा, एकदाच. हळू हाताच्या माणसाकडून चुकून व्हावा तसा.

शेजारच्या खोलीत किसे घोरत होती. त्या आवाजासरशी तिचं घोरणं थांबलं, आणि नंतर तिचा श्वाससुद्धा ऐकू येईना. भिंतीच्या अलीकडे सून आणि पलीकडे सासू, दोघी आपापल्या अंथरुणात डोळे उघडे ठेवून पडून राहिल्या. रेइजी मात्र झोपला होता. पुरुषांना झोप बरी लागते.

उजाडल्यावर फुसाए खाली उतरली. दोरीची गाठ जशीच्या तशी होती. ती सोडून तिनं झाकण उचललं. पाणी तळाला गेलेलं. राखेत उंदराचा पाय नव्हता, मांजराचा नव्हता, माणसाचाही नव्हता. पण मागच्या दारापासून रांजणापर्यंत राख जागोजागी ओली होऊन काळवंडली होती. एका मागे एक, थोड्या थोड्या अंतरावर. त्या डागांना बोटं नव्हती, टाच नव्हती. नुसती ओल.

दव असेल, तिनं स्वतःला सांगितलं. दाराच्या फटीतून आत येत असेल. मग तिनं केरसुणी घेतली आणि सासू उठायच्या आत सगळं झाडून टाकलं, कारण राख सांडली म्हणून आणखी एक भांडण तिला नको होतं.

३

मागच्या दाराबाहेर वाळू, आणि त्या वाळूत ती ओळ.

तिनं ती आधीही पाहिली होती. एप्रिलमध्ये ओळ वर टेकडीच्या माथ्यावरच होती, मे महिन्यात पाइनच्या झाडांपर्यंत आली, आणि आता उंबऱ्याला टेकली होती. काळसर हिरवे, पावलाएवढे चट्टे. हे शेवाळ त्या किनाऱ्यावर कोणाला नवं नव्हतं. पावसानंतर वाळूवर ते भिजलेल्या मऊ चुण्यांसारखं फुगतं, उन्हात जळक्या कागदासारखं वाळतं. टंचाईच्या वर्षांत बायका ते वेचून, सतरा पाण्यानं धुऊन, सोयाबीनच्या मिसोबरोबर खायच्या, आणि तरी दाताखाली वाळू यायचीच.

पण दोन महिने पाऊस नव्हता. शेतातलं, कुंपणाजवळचं, सगळीकडचं शेवाळ जळक्या कागदाचं झालेलं, पाय पडला की चुरा. या ओळीतलं तेवढं टचटचीत ओलं. फुसाएनं बोट लावलं, तर बोट गार पडलं.

ती ओळीच्या कडेनं थोडी वर चढून गेली. माथ्याकडचे चट्टे जाड आणि जुने होते, घराकडचे पातळ, कोवळे. परत जाणारी ओळ कुठेच नव्हती. चट्ट्यांमधलं अंतर आखूड, आणि दोन्ही बाजूंना लहान लहान हिरवे ठिपके. भरल्या कावडीखाली बाईची पावलं जशी आखूड पडतात आणि बादल्या जशा हिंदकळत सांडतात, तसंच. हे ओळखायला तिला कोणी शिकवायला नको होतं.

शेतकी प्रयोगकेंद्राचा नोमियामा त्या आठवड्यात सायकलवरून कलिंगडांवरची कीड बघायला आला, आणि कलिंगडं सोडून या ओळीपाशीच उकिडवा बसला. ओळीच्या बाजूची दोन वेल शेतातल्या बाकीच्या वेलांच्या दुप्पट होते, पानं काळपट हिरवी.

"बाई, हे जपा," तो म्हणाला. "वाळूत काय असतं? काहीच नसतं. तुम्ही खत टाकता, ते निथळून खाली जातं. हे निळं-हिरवं शेवाळ हवेतलं नत्र ओढून घेतं आणि वाळूला देतं. पोत्यानं विकत आणता तेच, फुकट."

"हवा खातं म्हणा की."

"तसंच म्हणा. फक्त हवा लागते आणि थोडं पाणी. तेवढ्यावर वर्षानुवर्षं पडून राहतं, मेल्यासारखं. आमच्या कपाटात एक वाळका तुकडा वीस वर्षं कागदात गुंडाळलेला होता. थेंबभर पाणी दिलं, दुसऱ्या दिवशी हिरवा."

"मग याला पाणी कोण देतं?"

नोमियामानं चष्मा काढून पुसला. "दव," तो म्हणाला. मग आभाळाकडे बघून जरा खालच्या आवाजात म्हणाला, "तसं इतकं दव पडत नाही म्हणा."

"आणि ओळीनं कसं उगवतं?"

"पायाखाली वाळू दबते. दबलेल्या वाळूत ओल टिकते. जुनी पायवाट असणार ही."

"इथून कोणी चालत नाही."

"कधी काळी चालत असेल कोणी."

"ओ साहेब," घरातून किसेचा आवाज आला, "तिला सांगा ते खरवडून टाकायला. घाण आहे ती."

"खरवडू नका आजी, फायद्याचं आहे."

"तुमच्या घरी न्या मग फायदा."

नोमियामा गेल्यावर म्हातारी स्वतःच विळा घेऊन बाहेर आली. गुडघे टेकता येत नव्हते, तर बसून सरकत सरकत तिनं उंबऱ्याजवळचे चट्टे खरवडायला सुरुवात केली. फुसाए हात द्यायला पुढं झाली आणि दाराआडच थबकली. किसे वाळूशी बोलत होती. तीन वर्षांत सुनेनं सासूचे पुष्कळ आवाज ऐकले होते, पण हा नव्हता ऐकला. हा आर्जवाचा होता. त्यातला एकच शब्द फुसाएला नीट कळला: "गुडघे."

दुसऱ्या सकाळी खरवडलेल्या जागी चट्टे परत होते, आणि एक उंबऱ्याच्या आत, मातीच्या जमिनीवर.

४

गावविहिरीवर मात्सुए भेटली. जिचा नवरा समुद्रावर गेला तो तिकडचाच झाला अशी, जिभेला हाड नसलेली, आणि अख्ख्या गावात फुसाएला "पोटुशी आहेस, बस जरा" म्हणणारी एकटी बाई.

"मावशी, आमच्या टेकडीवर तो बांबू उभा आहे, तो कसला?"

"तुला तीन वर्षांत कोणी सांगितलं नाही? तुमची वरची विहीर होती तिथं. वाळूत खणलेली, नरसाळ्यासारखी, पायऱ्या उतरून तळाला जायचं आणि बादल्या भरून वर यायचं. अशाच एका कोरड्या उन्हाळ्यात आधाराच्या फळ्या सुटल्या आणि बाजू आत आल्या. मग बुजवली. विहीर बुजवली की गाठी फोडून पोकळ केलेला बांबू त्यात उभा ठेवायचा. पाण्याच्या देवाला श्वास लागतो ना."

"कधीची गोष्ट?"

"युद्ध संपलं त्याच्या पुढच्या वर्षी. अकरा वर्षं झाली. तुझा नवरा तेव्हा सैबेरियात कैदेत होता. त्याची पहिली, ती हात्सुनो, पळाली तेव्हाचीच."

रेइजीची पहिली बायको काळ्या बाजारातल्या तांदूळवाल्याबरोबर पळाली, एवढं फुसाएला लग्नाआधीच सांगण्यात आलं होतं. घरात तिचं नाव घ्यायची चाल नव्हती.

"पळाली ते पाहिलं कोणी?"

"तुझ्या सासूनं. आणखी कोण बघणार? सकाळी किसे गावात आली, म्हणाली सून रात्रीची निघून गेली आणि वरची विहीरही ढासळली, दोन्ही दळिद्रं एकदम गेली. पोरीचं माहेर बाँबमध्ये जळालेलं, विचारायला येणारं कोणी नव्हतं. आणि आम्ही सगळे उपाशी. उपाशी माणूस चौकशा करत नाही गं." मात्सुएनं बादली काठावर टेकवली. "माझा नवरा गेला होता बुजवायला. घरी आल्यावर एकच गोष्ट बोलला, ती माझ्या ध्यानात राहिली. म्हणाला, बांबू आपण शेवटी लावतो, किसेच्या विहिरीत आम्ही फावडं उचलायच्या आधीच उभा होता."

फुसाएनं कावडीला अडकवलेली बादली पुन्हा खाली ठेवली.

"तरी तुझी सासू निष्ठेची हो," मात्सुए पुढं म्हणाली. "ऊन असो की बर्फ, रोज पहाटे, घरचे उठायच्या आत, किटली घेऊन टेकडी चढायची. बांबूत पाणी ओतायची. देवाला. मार्चपर्यंत चुकवलं नाही. आता गुडघ्यांनी दगा दिला, तर तुला का पाठवत नाही कोण जाणे."

५

फुसाए दुपारी गेली. मुद्दाम दुपारी, कारण डोक्यावर सूर्य असताना माणसाच्या मनात भलतंसलतं येत नाही असं तिला वाटत होतं. वाळू गवती चपलांतून भाजत होती. सगळीकडे पांढरा उजेड, समुद्र नुसती एक निळी रेघ, वारा पडलेला. किटलीतलं पाणी डुचमळत होतं तेवढाच आवाज.

ओळीच्या बाजूनं चालताना तिच्या ध्यानात आलं, की आपलीही पावलं तेवढ्याच अंतरावर पडतायत. तिनं मुद्दाम मोठं पाऊल टाकून पाहिलं. चढावर ते जमेना.

बांबू गुडघ्याएवढा वाळूच्या वर होता. वर्षानुवर्षांच्या उन्हानं पांढरा पडलेला, पण तोंडाची कड ओली, हिरवी. फुसाएनं त्यावर तळहात ठेवला.

बांबूनं तो ओढून घेतला.

जोर नव्हता. लहान मूल तोंडानं तळहात ओढतं तेवढाच. मग सोडला, आणि कोमट हवा हाताला लागली. मग पुन्हा ओढला. विहिरी श्वास घेतात हे तिनं म्हाताऱ्या माणसांकडून ऐकलं होतं. हवा पालटायची असली की बुजलेल्या विहिरी हवा ओढतात आणि सोडतात, त्यावरून कोळी वादळ ओळखतात. म्हणजे वादळ येणार. म्हणजे पाऊस येणार. बरंच झालं. तिनं हे सगळं मनात नीट एकाखाली एक रचलं, आणि तळहात तसाच ठेवून मोजायला लागली. आत, बाहेर. आत, बाहेर. मोजता मोजता तिचा स्वतःचा श्वास त्याच तालात पडला.

मग का कोण जाणे, ती वाकली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "हात्सुनो ताई?"

बांबू थांबला.

हवा पडली की विहिरीचा श्वास मंदावत जाईल, हळूहळू थांबेल. हा तसा थांबला नाही. अर्ध्यावर थांबला. अंधारात कोणी आपलं नाव घेतलं, तर ते खरंच घेतलं की भास झाला हे ऐकायला माणूस जसा श्वास रोखून धरतो, तसा.

फुसाएच्या पोटातलं मूलही त्या वेळी हललं नाही.

तिनं किटली उचलली. घाईत अर्धं पाणी वाळूवर सांडलं. उरलेलं तिनं बांबूच्या तोंडात ओतलं. खोल नळीत पाणी ओतलं की ते पडल्याचा आवाज यायला हवा. नाहीतर वाळूत मुरल्याचा, म्हणजे काहीच नाही. तिनं कान जवळ नेला.

एक घोट. मग दम घेण्याएवढी उसंत. मग भराभर दोन.

किटली तिथंच राहिली.

६

दुसऱ्या सकाळी रांजण काठोकाठ होता. मातीच्या जमिनीवरचा चट्टा वाळून जळक्या कागदासारखा झाला होता. पाऊस आला नाही, वादळही आलं नाही.

"बघ," किसे पायरीवर बसून म्हणाली, "मनावर घेतलं की जमतं."

"काल मी वर गेले होते, आई. पाणी दिलं."

म्हातारीचा चेहरा बदलला नाही. हात मात्र मांडीवरून सरकून गुडघ्यावर आला आणि तिथंच राहिला.

"वर कुठे?" रेइजीनं वाडगा खाली ठेवला.

"विहिरीवर. अहो, ती विहीर उकरायची. आज. गावातली दहा माणसं आणा, फळ्या आणा. ती उकरेपर्यंत मी कावड उचलणार नाही."

"तुला वेड लागलंय का? अकरा वर्षांची बुजलेली विहीर. वाळूच निघणार त्यात."

"वाळूच निघाली तर मी तुमच्या पाया पडेन, आईंच्याही पडेन, आणि जन्मभर चाळीसच्या साठ खेपा घालीन. पण उकरली नाहीत, तर बाळंतपणाला माहेरी जाईन आणि पोर घेऊन या घरात परत येणार नाही. या रांजणातलं पाणी मी पोराला पाजणार नाही."

"ऐकतोस ना?" किसे मुलाला म्हणाली. "एक पळाली, आता ही पळायची भाषा करते. तुझ्या नशिबात बायकाच पळपुट्या."

"ती पळाली नाही."

"तू होतीस का तिथं? शेंबूड पुसायची अक्कल नव्हती तेव्हा तुला."

"तुम्ही होतात ना? मग सांगा. कुठल्या रस्त्यानं गेली? काय नेसली होती? जाताना काय घेऊन गेली?"

"कावड टाकून गेली, रांड."

"कुठे टाकली?"

किसे पायरीवरची वाळू हातानं झाडायला लागली. रेइजी आईकडे बघत होता, आणि आईकडे असं बघायची त्याला सवय नव्हती.

"आई," तो म्हणाला, "ती कावड मी आल्यावर कुठेच दिसली नव्हती."

"जळणात गेली असेल. टंचाईचे दिवस. काय काय ध्यानात ठेवू मी?"

"मग दुसरं विचारते," फुसाए म्हणाली. ती पायरीपाशी गेली आणि सासूच्या समोर खाली मातीवर बसली, त्यामुळे दोघींचे डोळे एका रेषेत आले. आता तिचा आवाज भांडणाचा राहिला नव्हता. "माणसं बुजवायला आली तेव्हा बांबू आधीच उभा होता. मात्सुए मावशींच्या नवऱ्यानं पाहिला होता. विहीर अजून बुजायचीच होती, आई. पाण्याच्या देवाच्या डोक्यावर उघडं आभाळ होतं. मग त्याला श्वासाला बांबू कशाला लागला? आणि तुम्ही अकरा वर्षं त्यात पाणी कोणाला घालत होतात?"

किसेनं सुनेच्या पोटाकडे पाहिलं. मग रांजणाकडे, मग मागच्या दाराकडे, जिथं उंबऱ्याबाहेर काळी ओळ सकाळच्या उन्हात वाळत पडली होती. तिनं ओगराळं उचललं, रांजणात बुडवून भरलं, आणि न पिता तसंच हातात धरून बसली.

"तो बांबू," ती म्हणाली, "मी विहिरीसाठी लावलाच नव्हता."